सिंह राशीतील बुडबुडा : एका गाजलेल्या चित्राची चिकित्सा

मघा हा तारा आपल्यापैकी बहुतेकांना आकाशात दाखवता येतो. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडे सिंहाचा विळा ओळखला, की त्याच्या मुठीशी मघा सापडते. मघेच्या पश्चिमेला सुमारे पाच अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या तीन बोटांच्या रुंदीइतक्या अंतरावर, नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. तेथे असलेला तारा दृश्य प्रकाशात इतका अंधूक आहे, की तो पाहण्यास मोठी दुर्बीण लागते. पण पाच मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात पाहिले, तर सूर्यमालेबाहेरचा आकाशातील सर्वांत तेजस्वी स्रोत हाच ठरतो. त्याचे नाव सी. डब्ल्यू. लिओनिस. खगोलशास्त्रज्ञ त्याला आय. आर. सी. +१०२१६ या अवरक्त यादीतील क्रमांकानेही ओळखतात. त्याचे वेगळेपण १९६९ साली लक्षात आले.

हा एक कार्बन तारा आहे. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात फुगलेला, सुमारे ६३० ते ६५० दिवसांच्या आवर्तनाने कमी-अधिक तेजस्वी होणारा हा रूपविकारी तारा आपले बाहेरचे थर सतत अवकाशात उधळीत असतो. त्याच्या वातावरणात ऑक्सिजनपेक्षा कार्बनचे अणू अधिक आहेत. ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडमध्ये अडकून पडतो आणि उरलेल्या कार्बनपासून काजळीसारखी धूळ बनते. कंदिलाची काच काजळीने काळी व्हावी तसा हा तारा स्वतःच्याच धुळीने झाकला गेला आहे. धूळ तापते आणि अवरक्त किरण बाहेर टाकते, म्हणून तो अवरक्तात तेजस्वी दिसतो.

या ताऱ्याचे एक अतिनील (जंबुपार) चित्र २०१० पासून पुष्कळ ठिकाणी छापले गेले. भित्तिपत्रकांवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आणि आता शाळांतील पडद्यांवरही ते दिसते. काळ्या पार्श्वभूमीवर एक धूसर वर्तुळाकार बुडबुडा, त्याची डावी कड उजळलेली, मध्यभागी अंधूक ठिपका, असे ते चित्र आहे. चित्र सुंदर आहे आणि महत्त्वाचेही आहे. परंतु त्याच्यासोबत फिरणारा मजकूर मात्र तपासून घेण्यासारखा आहे. निरीक्षण, अनुमान आणि गृहीतक या तीन वेगवेगळ्या दर्जाच्या गोष्टी त्या मजकुरात एकाच ठाम सुरात सांगितल्या जातात. वर्गात तो जसाच्या तसा वाचून दाखवला, तर विद्यार्थ्यांच्या हाती आकडे पडतात आणि विज्ञान निसटते. ते कसे, हे दाखविण्यासाठीच हा लेख आहे.

चित्र कोणी आणि कशाने काढले?

नासाचा गॅलेक्स हा उपग्रह २८ एप्रिल २००३ रोजी सोडण्यात आला. त्याच्या दुर्बिणीचा आरसा केवळ ५० सेंटिमीटर व्यासाचा होता, परंतु एका वेळी आकाशाचा सव्वा अंशाएवढा भाग त्याला दिसे. तो दोन पट्ट्यांत चित्रे घेई. सुमारे १३५ ते १७५ नॅनोमीटर हा दूरचा अतिनील पट्टा, आणि १७५ ते २८० नॅनोमीटर हा जवळचा. ३०० नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरी पृथ्वीचे वातावरण, विशेषतः त्यातील ओझोन, अडवीत असल्याने हे काम जमिनीवरून होत नाही. मे २००९ मध्ये दूरच्या पट्ट्याचा शोधक बंद पडला आणि जून २०१३ मध्ये उपग्रहाचे काम थांबविण्यात आले.

गॅलेक्स मुख्यतः दीर्घिकांच्या अभ्यासासाठी होता. त्याने जमवलेल्या चित्रांत राघवेंद्र सहाय आणि ख्रिस्तोफर क्रोनोपोलस यांना सी. डब्ल्यू. लिओनिसभोवती सुमारे २४ कोनीय मिनिटे व्यासाची रचना आढळली. पूर्ण चंद्राचा व्यास सुमारे ३० कोनीय मिनिटे असतो. म्हणजे आपल्या डोळ्यांना अतिनील दिसत असते आणि ही आभा पुरेशी तेजस्वी असती, तर मघेजवळ चंद्रापेक्षा थोडे लहान वर्तुळ दिसले असते. त्यांचा शोधनिबंध २०१० साली प्रसिद्ध झाला.

पहिली सूचना रंगांबद्दल. चित्रातील रंग ताऱ्याचे नाहीत. दोन अदृश्य पट्ट्यांना दोन दृश्य रंग मागाहून दिलेले असतात. यात फसवणूक नाही, नकाशात डोंगराला तपकिरी रंग देतात तसेच हे आहे. परंतु नकाशाखाली रंगसूची असते. चित्र वर्गात लावताना तशीच सूची आपणही लिहिली पाहिजे. अन्यथा ‘तारा निळा का आहे?’ या प्रश्नाला आपण भलतेच उत्तर देऊन बसतो.

थंड ताऱ्याचे अतिनील चित्र?

चित्र पाहताच विद्यार्थ्यांनी विचारायला हवा असा प्रश्न मात्र वेगळा आहे. या ताऱ्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २,२०० केल्व्हिन, म्हणजे सूर्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना वीनचा नियम माहीत असतो. २,९०० ला केल्व्हिनमधील तापमानाने भागले, की ज्या तरंगलांबीला उत्सर्जन सर्वाधिक असते ती मायक्रॉनमध्ये मिळते. येथे ती येते सुमारे १.३ मायक्रॉन, म्हणजे अवरक्तात. दूरचा अतिनील पट्टा ०.१५ मायक्रॉनच्या आसपास आहे. एवढ्या थंड ताऱ्याकडून तेथे जवळजवळ काहीच येऊ नये, आणि जे येईल तेही भोवतालच्या काजळीने अडवावे.

मग चित्रात चमकते ते काय? तारा नव्हे, तर ताऱ्यापासून फार दूर असलेला वायू. या एका वाक्यासाठी हे चित्र वर्गात दाखविण्याजोगे आहे. सर्वांत थंड ताऱ्यांपैकी एकाच्या भोवती अतिनील कडे दिसते, कारण तेथे प्रकाश देणारी ऊर्जा ताऱ्याच्या उष्णतेची नसून दोन वायूंच्या टकरीची आहे. प्रचलित मजकुरात ही गोष्ट शेवटी, घाईघाईत येते आणि सुरुवातीला येतो तो वेगाचा आकडा.

नळाखालचे ताट

टक्कर कशी होते, हे समजण्यासाठी स्वयंपाकघरात जावे. नळाखाली एक सपाट ताट उपडे धरा आणि पाण्याची बारीक, अखंड धार त्यावर सोडा. धार पडते तेथून पाणी पातळ थराने भरभर बाहेर पसरते आणि काही सेंटिमीटरवर एकाएकी थांबल्यासारखे होऊन त्याचे उंच कडे तयार होते. कड्याच्या आत पाणी लहरींपेक्षा जलद वाहते, कड्याबाहेर सावकाश. आता ताट किंचित तिरपे करा. कडे वरच्या बाजूला धारेजवळ सरकते आणि खालच्या बाजूला लांबते.

सी. डब्ल्यू. लिओनिसमधून निघणारा वायू सेकंदाला सुमारे १४.५ किलोमीटर वेगाने सर्व दिशांना जातो. आंतरतारकीय वायूचा विरोध जेथे त्याच्या रेट्याच्या बरोबरीचा होतो, तेथे त्याचा वेग एकदम कोसळतो. हे आपल्या ताटातले कडे. त्याच्या बाहेर मंदावलेल्या वायूचा थर, त्यापुढे ताऱ्याचा वायू संपून अवकाशाचा वायू सुरू होतो ती सीमा, आणि तारा ज्या दिशेने चालला आहे त्या बाजूला, होडीच्या टोकापुढे पाणी उचलले जावे तशी, धनुष्याकृती आघाताची कमान. मागे शेपूट. सहाय आणि क्रोनोपोलस यांनी हे सर्व भाग गॅलेक्सच्या चित्रात ओळखले.

आपल्या सूर्याभोवतीही असा बुडबुडा आहे. त्यात सौरवात जेथे मंदावतो ती सीमा व्हॉयेजर-१ या यानाने डिसेंबर २००४ मध्ये आणि सौरवाताची बाहेरची हद्द ऑगस्ट २०१२ मध्ये ओलांडली. सूर्यापुढे धनुष्याकृती आघात असतो असे अनेक पुस्तकांतील आकृत्या वर्षानुवर्षे दाखवीत होत्या. २०१२ साली आयबेक्स उपग्रहाच्या मोजमापांवरून असे सांगण्यात आले, की सूर्याचा भोवतालच्या वायूशी सापेक्ष वेग सेकंदाला सुमारे २३ किलोमीटरच आहे आणि तो असा आघात निर्माण करण्यास अपुरा पडतो. या निष्कर्षावरही पुढे वाद झाला. स्वतःच्या अंगणातील आकृतीबद्दल जर असे होत असेल, तर चारशे प्रकाशवर्षांवरील आकृतीबद्दल थोडे सावध असलेले बरे.

वेगाच्या आकड्याची गोष्ट

चित्रासोबत प्रसिद्ध झालेल्या मजकुरात हा तारा सेकंदाला ९१ किलोमीटर वेगाने ‘पळत’ असल्याचे सांगितले आहे. हा वेग ध्वनीच्या २६५ पट आहे, अशी पुस्तीही जोडली आहे. एका शिक्षक-विद्यार्थी शिबिरात मीही हेच सांगितले होते. तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, गाडीचा वेग काट्यावर दिसतो. ह्याचा कशावर दिसला?” मी म्हणालो, मोठ्या दुर्बिणीतून मोजला. ती खाली बसली. घरी येऊन मूळ निबंध काढून वाचला, तेव्हा कळले की माझे उत्तर चुकीचे होते. तो वेग कोणी मोजलेला नव्हता.

निबंधात जे लिहिले आहे ते असे : भोवतालच्या वायूची घनता दर घन सेंटिमीटरला एक कण असेल, तर तारा आणि तो वायू यांचा सापेक्ष वेग निदान सेकंदाला ९१ किलोमीटर असला पाहिजे, आणि घनता वेगळी असेल तर घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात तो बदलेल. या वाक्यात तीन शब्द महत्त्वाचे आहेत. ‘असेल तर’, ‘सापेक्ष’ आणि ‘निदान’. लोकांसाठी लिहिलेल्या मजकुरात तिन्ही गळून पडले.

यामागचे गणित अवघड नाही. ताऱ्याच्या वायूचा रेटा अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जातो. अवकाशातील वायूचा विरोध त्याची घनता गुणिले सापेक्ष वेगाचा वर्ग एवढा असतो. कड्यापाशी दोन्ही जुळतात. कडे ताऱ्यापासून किती दूर आहे हे चित्रावरून मिळते आणि तारा किती वस्तुमान फेकतो हे रेडिओ निरीक्षणांवरून अंदाजता येते. उरतात दोन अज्ञात राशी, घनता आणि वेग, आणि समीकरण मात्र एकच. म्हणून एक राशी गृहीत धरावीच लागते. घनता एकऐवजी चार धरली, तर वेग ९१ ऐवजी साडेपंचेचाळीस येतो. नऊ धरली तर तीस. हे उदाहरण आठवीच्या वर्गातही करून घेता येईल.

२०१० सालीच हर्शेल या अवरक्त दुर्बिणीने हीच कमान धुळीच्या प्रकाशात टिपली. त्या गटाने वेगाचा आकडा १०७ काढला, पण त्यालाही घनतेची तीच अट होती. दोन गटांचे आकडे जवळ आले म्हणून अट नाहीशी होत नाही. दोघांनी एकच समीकरण वापरले होते.

पुढे २०१२ साली रेडिओ दुर्बिणींच्या साहाय्याने या ताऱ्याचे आकाशातील सरकणे खरोखर मोजले गेले. तो वर्षाला सुमारे ०.०३७ कोनीय सेकंद सरकतो. अंतर १३० पार्सेक धरले, तर दोहोंचा गुणाकार वर्षाला ४.८ खगोलीय एकके होतो. वर्षाला एक खगोलीय एकक म्हणजे सेकंदाला ४.७४ किलोमीटर. यावरून आडवा वेग सेकंदाला सुमारे २३ किलोमीटर येतो. तारा आपल्या दिशेने येत आहे तो वेग मिळवला, तरी सूर्याच्या सापेक्ष एकूण वेग ३० च्या आसपास राहतो. आपल्या शेजारच्या ताऱ्यांत हा वेग अगदी सामान्य आहे. त्याला पळपुटा तारा म्हणावे असे त्यात काही नाही.

मग ९१ खोटे आहे का? नाही. वाऱ्याविरुद्ध सायकल चालवताना तोंडावर बसणारा झोत सायकलच्या वेगाइतकाच नसतो, त्यात वाऱ्याचा वेगही मिळवलेला असतो. अवकाशातील वायूही स्थिर नसतो. तो वाहत असेल, किंवा त्याची घनता एकापेक्षा बरीच अधिक असेल, किंवा दोन्ही थोडे थोडे खरे असेल. म्हणजे वेगाचे खरे मोजमाप हाती आल्यावर तेच समीकरण उलटे वापरून भोवतालच्या वायूविषयी काही शिकता येते. ज्याला आपण उत्तर समजत होतो, तो खरे तर पुढच्या प्रश्नाचा धागा होता.

‘ध्वनीच्या २६५ पट’ या पुस्तीला तर काहीच अर्थ नाही. ती तुलना पृथ्वीवरील हवेतल्या ध्वनीशी आहे. आघात निर्माण होतो की नाही, हे त्या ठिकाणच्या वायूतील ध्वनीच्या वेगावर ठरते. सुमारे आठ हजार केल्व्हिन तापमानाच्या विरळ आंतरतारकीय वायूत तो वेग सेकंदाला नऊ किलोमीटरच्या घरात असतो. म्हणजे ९१ हा आकडा स्वीकारला तरी योग्य गुणोत्तर २६५ नसून सुमारे दहा आहे. मोठा आकडा सांगितला की श्रोते ‘अबब’ म्हणतात, पण आघात का झाला हे त्यातून त्यांना कळत नाही.

येथे मायरा या ताऱ्याशी तुलना करावी. मायरा कार्बन तारा नाही, त्यात ऑक्सिजन अधिक आहे. पण तोही आयुष्याच्या त्याच टप्प्यावरील रूपविकारी तारा आहे. ऑगस्ट २००७ मध्ये गॅलेक्सच्या चित्रांत त्याच्यामागे दोन अंश लांबीची अतिनील शेपटी सापडली. त्याचा सेकंदाला सुमारे १३० किलोमीटर हा वेग मात्र शेपटीवरून काढलेला नाही. ताऱ्याचे सरकणे, अंतर आणि आपल्या दिशेतील वेग स्वतंत्रपणे मोजून तो आला आहे. दोन चित्रे सारखी दिसतात, दोन्हींखाली वेगाचा आकडा असतो, परंतु एक आकडा चित्राला पुरावा पुरवतो आणि दुसरा चित्रातूनच काढलेला आहे. हा फरक ज्या विद्यार्थ्याला सांगता आला, त्याला विज्ञान समजू लागले असे मानायला हरकत नाही.

आकार, वय आणि वस्तुमान

बुडबुड्याचा व्यास २.७ प्रकाशवर्षे सांगतात. हा आकडा भक्कम आहे काय? कोन मोजलेला आहे, २४ कोनीय मिनिटे. अंतर १२० पार्सेक, म्हणजे सुमारे ३९० प्रकाशवर्षे धरले तर ३९० गुणिले २४ भागिले ३,४३८ बरोबर २.७. अंतराचे अंदाज १२० ते १४० पार्सेकच्या दरम्यान आहेत, तेव्हा व्यास २.७ ते ३.२ प्रकाशवर्षे म्हणणे अधिक प्रामाणिक. येथे अनिश्चितता आहे, पण ती लहान आहे आणि कोठून आली हे स्पष्ट आहे.

वय आणि वस्तुमानाचे तसे नाही. या आकारावरून निबंधाने असा निष्कर्ष काढला आहे, की वायू बाहेर पडू लागून निदान ६९,००० वर्षे झाली असावीत. वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा पन्नास हजारावा भाग या दराने वायू बाहेर पडत आला असेल, तर ६९,००० भागिले ५०,००० म्हणजे सुमारे १.४ सूर्यांइतके वस्तुमान ताऱ्याने आतापर्यंत फेकले. गणित बरोबर आहे. गृहीतक हे, की आजचा दर सत्तर हजार वर्षे तसाच होता. पण याच ताऱ्याच्या जवळच्या धुळीची दृश्य प्रकाशातील चित्रे १९९९-२००० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक थर दिसले. त्यांच्यातील अंतर काही शे वर्षांच्या काळाशी जुळते. म्हणजे दर कमी-जास्त होत आला आहे. सरासरी कदाचित तीच असेल, कदाचित नसेल. निबंधकारांनी ‘एवढा दर धरल्यास’ असे लिहिले आहे, लोकप्रिय मजकुरात ते उरत नाही.

चमकते ते नेमके काय?

मायराच्या शेपटीबाबत एक चांगला युक्तिवाद करण्यात आला होता. शेपटी दूरच्या अतिनील पट्ट्यात दिसली, जवळच्या पट्ट्यात नाही. धुळीने इतर ताऱ्यांचा प्रकाश विखुरल्यामुळे ती दिसत असती, तर दोन्ही पट्ट्यांत दिसली असती. तेव्हा प्रकाश धुळीचा नसावा. आघातात तापलेल्या वायूतील इलेक्ट्रॉन थंड हायड्रोजनच्या रेणूंवर आदळतात आणि ते रेणू दूरच्या अतिनीलात चमकतात, हे स्पष्टीकरण त्याला जुळते. सी. डब्ल्यू. लिओनिसलाही तेच लावले जाते.

स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. तरी एवढे लक्षात ठेवावे, की दोन रुंद पट्ट्यांतील चित्र म्हणजे वर्णपट नव्हे. सोडियमचा दिवा आणि पिवळ्या कागदात गुंडाळलेला साधा बल्ब दुरून सारखेच पिवळे दिसतात, पण वर्णपट घेतला की फरक उघड होतो. रेणूची सही वर्णपटात असते. केवळ चित्रावरून ‘हायड्रोजनचे रेणू चमकत आहेत’ असे म्हणताना मध्ये ‘बहुधा’ हा शब्द हवाच.

शंका कशी घ्यावी आणि कशी फेडावी, याचा चांगला नमुना २०१५ साली दुसऱ्या एका कार्बन ताऱ्याबाबत मिळाला. वासुकी तारकासमूहातील यू हायड्री हा तारा साध्या द्विनेत्रीतूनही लालसर दिसतो, मार्च-एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांना तो जरूर दाखवावा. गॅलेक्सच्या जुन्या चित्रांत त्याच्याभोवती सुमारे ११० कोनीय सेकंद त्रिज्येचे अतिनील कडे सापडले. अवरक्तात दिसलेले धुळीचे कवचही तेथेच आहे. धूळ तेथेच असल्याने शंका अधिकच रास्त होती, की हे नुसते विखुरलेले प्रकाशकिरण तर नाहीत? अभ्यासकांनी ती शंका बाजूला सारली नाही, तिचा हिशेब केला. ताऱ्याचा स्वतःचा अतिनील प्रकाश विखुरल्याने पडणारी भर नगण्य आणि आंतरतारकीय प्रकाश विखुरल्याने फार तर दहा टक्के, असे उत्तर आले. मग आघात हेच संभाव्य कारण ठरले. शिवाय येथे पुढे कमान नाही, कारण ताऱ्याचा वेग कमी आणि भोवतालचा वायू विरळ, हेही त्यांनी नोंदवले. निष्कर्ष ‘संभाव्य’च राहिला, परंतु आता त्या शब्दाला वजन आले.

चित्रातले सगळेच ताऱ्याचे नाही

२०१५ सालीच सी. डब्ल्यू. लिओनिसभोवती अणुरूप हायड्रोजनचा शोध अमेरिकेतील ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बिणीने घेण्यात आला. सुमारे १,३०० कोनीय सेकंद व्यासाचे कवच सापडले. हे जवळजवळ २२ कोनीय मिनिटे होतात, म्हणजे अतिनील बुडबुड्याएवढेच. कवचातील वायू मंदावलेला आहे आणि तो पुढच्या कमानीपाशी अधिक दाट आहे. अतिनील चित्रावरून केलेल्या मुख्य अनुमानाला हा अगदी वेगळ्या प्रकाशातून मिळालेला स्वतंत्र दुजोरा होय.

त्याच निरीक्षणांनी एक दुरुस्तीही सुचविली. बुडबुड्याच्या नैर्ऋत्येला पसरलेल्या धूसर अतिनील प्रकाशाचा संबंध सिंह राशीतील एका थंड मेघाशी दिसून आला, आणि तो मेघ या ताऱ्यापेक्षा आपल्या पुष्कळ जवळ आहे. छायाचित्रात झाडाची फांदी दूरच्या माणसाच्या डोक्यातून निघाल्यासारखी दिसते, तसेच हे. आकाशाच्या चित्राला खोली नसते. एका चौकटीत दिसते ते एका ठिकाणचे असतेच असे नाही.

निर्णय आणि एक सूचना

तेव्हा या चित्राबद्दल माझा निर्णय असा. बुडबुडा आहे, तो ताऱ्याच्या वायूचा आहे आणि भोवतालच्या वायूशी टक्कर होऊन तो तयार झाला आहे, हे अतिनील, अवरक्त आणि रेडिओ अशा तीन साक्षींनी सिद्ध झाले आहे. व्यास थोड्या फरकाने पक्का आहे. चमकणारा पदार्थ बहुधा हायड्रोजनचे रेणू. वय आणि वस्तुमान दराच्या गृहीतकावर अवलंबून. ९१ किलोमीटर हा आकडा अटीसहित सांगायचा, अट सांगायला वेळ नसेल तर आकडाही सांगू नये. ‘पळपुटा तारा’ आणि ‘ध्वनीच्या २६५ पट’ ही दोन्ही वर्णने वगळावीत.

कोणी म्हणेल, शाळेत एवढा काथ्याकूट कशाला? मुलांना आधी आवड लागू द्या, अटी मागाहून कळतील. या म्हणण्यात तथ्य आहे आणि मीही पुष्कळ वर्षे तसेच करीत आलो. परंतु त्या शिबिरातील मुलीची आवड आकड्याने वाढली नव्हती, आकडा कसा मिळाला या प्रश्नाने ती जागी झाली होती, आणि माझ्या उत्तराने प्रश्न संपवून टाकला. ‘मोजला’ म्हणण्याऐवजी ‘मोजलेला नाही, अंदाजला आहे, चल कसा ते पाहू’ असे म्हणालो असतो, तर फळ्यावर पाच मिनिटांत एक वर्गमूळ काढून झाले असते.

म्हणून शिक्षकांना एक सूचना. हे चित्र वर्गात लावाल तेव्हा त्याखाली तीन रकाने आखा : पाहिलेले, काढलेले, धरलेले. मजकुरातील एकेक विधान विद्यार्थ्यांनाच योग्य रकान्यात लिहू द्या. २४ कोनीय मिनिटे पहिल्यात जातील, २.७ प्रकाशवर्षे दुसऱ्यात, दर घन सेंटिमीटरला एक कण तिसऱ्यात. ९१ किलोमीटर कोठे लिहायचे यावर वाद होईल. तो होऊ द्यावा. नळ आणि ताट तेवढे आधी तयार ठेवावे.